कुलूप उघडलं, पण कोणी? : वर्गातल्या एस्केप रूमविषयी

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा. (हशा) बरं, म्हणजे सगळ्यांना येतोय.

पत्रिकेत आजचा विषय 'खेळातून गणित आणि वाचन' असा छापलाय. तो फार ऐसपैस आहे. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोललं की शेवटी 'खेळ चांगला असतो' एवढंच हातात उरतं, आणि ते ऐकायला तुम्ही इथवर यायची गरज नव्हती. म्हणून मी एकच खेळ घेणार आहे. गेली काही वर्षं प्राथमिकच्या शिक्षकांमध्ये ज्याची बरीच चर्चा आहे तो, वर्गातली एस्केप रूम. आणि त्याच्याकडे मी नाटकाचं परीक्षण करावं तसं बघणार आहे. संहिता काय आहे, प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो, आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षक, म्हणजे तिसरी-चौथीतलं पोर, घरी काय घेऊन जातं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. २००७ साली जपानमध्ये, क्योतोला, ताकाओ काटो यांच्या 'स्क्रॅप'ने 'रिअल एस्केप गेम' नावाचा खेळ सुरू केला. काही माणसं एका खोलीत जातात, खोलीत कोडी लपवलेली असतात, ती ठरलेल्या वेळात सोडवून बाहेर पडायचं. हे जगभर पसरलं, आपल्याकडेही पुण्या-मुंबईत तिकीट काढून लोक स्वतःला कोंडून घेतात. वर्गात ते आलं मुख्यतः अमेरिकेतून. २०१५ मध्ये तिथे 'ब्रेकआउट ईडीयू' नावाचा संच निघाला. मुलांना खोलीत कोंडता येत नाही. आगीचे नियम आहेत, पालक आहेत, आणि थोडी माणुसकीही आहे. (हशा) म्हणून त्यांनी खेळ उलटा केला. खोलीतून बाहेर पडायचं नाही, पेटीच्या आत शिरायचं. एक पेटी, तिला एक कडी, त्या कडीला एकाच वेळी चार-पाच कुलपं. एक तीन आकड्यांचं, एक चार आकड्यांचं, एक अक्षरांचं, एक वर-खाली-डावीकडे-उजवीकडे सरकवायचं. सोबत न दिसणाऱ्या शाईचं पेन आणि ती शाई दाखवणारा छोटा टॉर्च. कुलपाचा आकडा कोड्यात, कोडं अभ्यासात.

मग ज्यांना पेटी परवडत नव्हती त्यांनी कागदावर केलं. छापील संच विकत मिळायला लागले, पाकिटं आली. टाळेबंदीच्या काळात गुगल फॉर्मवर आलं, तिथे बरोबर उत्तर लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, तेच कुलूप. आपल्याकडच्या ज्या लोकांनी शिबिरात 'खजिना शोध' खेळलाय त्यांना यात फार नवं वाटणार नाही. चिठ्ठीवरून चिठ्ठी, झाडाच्या ढोलीत पुढची चिठ्ठी. फरक एवढाच की ढोलीच्या जागी कुलूप आलं आणि भिंतीवर उलटं पळणारं घड्याळ आलं.

आता संहिता. मी असे बरेच संच चाळले आहेत, आणि तिसरीच्या संचाचा साचा साधारण ठरलेला दिसतो. एक शास्त्रज्ञ हरवलाय, किंवा चाच्यांनी शाळेची घंटा पळवली आहे, किंवा मुख्याध्यापक कपाटात अडकले आहेत. (हशा) हा शेवटचा मुलांना सर्वांत आवडतो. चार कोडी. पहिल्यात सहा-सात वजाबाक्या, त्यांच्या उत्तरांतले रंगवलेले अंक घेतले की तीन आकडी कुलूप. दुसऱ्यात एक उतारा आणि खाली चार प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क, ड पर्याय. बरोबर पर्यायांची अक्षरं ओळीने लावली की अक्षरांचं कुलूप. तिसऱ्यात घड्याळं, चौथ्यात पाढे. शेवटी पेटीत चॉकलेट आणि 'आम्ही सुटलो!' अशी पाटी, ती धरून फोटो.

लक्षात घ्या, कथा आणि गणित यांचा इथे एकमेकांशी काहीही संबंध नाही. चाच्यांच्या जागी परी टाका, वजाबाकी तीच राहते. वर्कशीटला टोपी घातली आहे. अमेरिकेत १९७०-८०च्या दशकांत 'पिझाझ' नावाची गणिताची वर्कशीटं फार चालायची. उदाहरण सोडवा, उत्तरासमोरचं अक्षर घ्या, शेवटी एका विनोदी कोड्याचं उत्तर तयार. आजच्या छापील एस्केप रूममधल्या बहुतेक कोड्यांचा आजोबा तोच आहे. मला त्या आजोबांबद्दल राग नाही, कंटाळवाण्या सरावाला त्यांनी थोडं मीठ लावलं. पण आजोबांनी 'मी क्रांती आहे' असं कधी म्हटलं नव्हतं.

इथे लोक एक म्हण काढतात, साखरेत घोळलेलं कारलं. शैक्षणिक खेळ म्हणजे तेच, असं. मला ही उपमा पटत नाही. ती मुळातच धरून चालते की गणित कडू आहे. साखर घालणाऱ्यानेच कारलं ठरवून टाकलं! तिसरीतल्या मुलांना दोन अंकी संख्यांची गंमत दाखवा, ती कडू लागत नाहीत. तेव्हा खेळाने गणित गोड केलं का, हे आपण विचारायचं नाही. खेळ खेळताना गणित करावं लागलं का, आणि कोणाला करावं लागलं, हे विचारायचं.

टीकेच्या आधी या खेळाच्या बाजूची एक गोष्ट सांगते, कारण ती खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कुलूप रागावत नाही. मुलाने चुकीचं उत्तर बाईंना दाखवलं की आधी बाईंचा चेहरा दिसतो, मग शेजारच्याचं हसू दिसतं. कुलपाला चेहरा नाही. आकडे फिरवले, ओढलं, उघडलं नाही. बस. मूल पुन्हा वहीकडे जातं. वर्गात एरवी जे पोर एक फुली पडली की वही मिटून ठेवतं, ते इथे चार वेळा परत बघतं. सरावासाठी ही फार मोलाची जागा आहे. ज्यांना हा खेळ 'निव्वळ टाइमपास' वाटतो त्यांनी एकदा तरी हे बघावं.

पण कुलूप रागावत नाही, तसंच ते बोलतही नाही. आणि ते कोणाच्याही हाताने उघडतं. माझी सगळी तक्रार या दोन गोष्टींतून निघते.

दुसरीपासून सुरू करू. तीन आकडी कुलपात ००० ते ९९९ अशा एक हजार शक्यता. वाटतं, मुलं काय एक हजार वेळा फिरवणार आहेत? पण दोन अंक मिळाले आणि तिसरा नाही, तर शक्यता उरतात दहा. नऊ वर्षांचं पोर दहा वेळा फिरवायला अर्धा मिनिट घेतं. तिन्ही अंक माहीत, क्रम माहीत नाही, तर सहा. चार अंकी कुलपाचे चारही वेगळे अंक माहीत असले तर चोवीस. मुलांना हे कोणी शिकवत नाही, ती पाच मिनिटांत शोधून काढतात. आणि खरं सांगू का, त्यातलं गणित वजाबाकीपेक्षा जास्त सुरस आहे! एखाद्या शिक्षकाने खेळ तिथेच थांबवून 'का रे सहाच?' असं विचारलं तर मी त्याला मानीन. पण वजाबाकीचा सराव म्हणून तास लावला असेल, तर शेवटची वजाबाकी कोणी केलीच नाही हे कुलपाला कळत नाही. बाईंनाही कळत नाही.

आणि कोणाच्या हाताने. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरा थांबते इथे.

मोठ्यांच्या एस्केप रूममध्ये हुशार गट काय करतो? कामं वाटून घेतो. ज्याला आकडे जमतात तो आकडे बघतो, ज्याची नजर तीक्ष्ण आहे ती खोली धुंडाळते, ज्याला काहीच जमत नाही तो 'वेळ किती राहिला' ते ओरडतो. ते शहाणपणाचंच आहे, कारण त्यांना बाहेर पडायचंय. वर्गातही मुलं अगदी असंच करतात. ज्याला वजाबाकी येते तो वजाबाकी घेतो. जी भरभर वाचते ती उतारा घेते. पण शाळेतला हेतू नेमका उलटा आहे ना? ज्याला वजाबाकी येत नाही त्याने ती करावी म्हणून तर हा सगळा घाट! खेळाला लवकर सुटायचं आहे, आणि सुटायचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे ज्याला येत नाही त्याला बाजूला ठेवणं. मुलं दुष्ट नाहीत. खेळाने त्यांच्यासमोर घड्याळ ठेवलंय, ती घड्याळाचं ऐकतात.

एका शाळेत, गाव-नाव सांगत नाही, मी मागे बसून चौथीचा असा तास पाहिला. पाच जणांचा एक गट. त्यातली एक मुलगी पूर्ण वेळ तो निळा टॉर्च धरून उभी होती. अतिशय मन लावून, जबाबदारीने. मधूनमधून 'इकडे धर, इकडे धर' असे हुकूम येत होते, ती धरत होती. पेटी उघडली तेव्हा सर्वांत उंच उडी तिनेच मारली. फोटोत ती मधोमध आहे. त्या तासात तिने एक ओळ वाचली नाही, एक वजाबाकी केली नाही. आणि बाईंच्या नोंदवहीत त्या दिवशी काय असणार? गट क्रमांक तीन, चारही कोडी पूर्ण.

आता हे चित्र एका आकड्याशेजारी ठेवा. 'असर'च्या २०२२च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं होती ४२.८ टक्के. म्हणजे पाचवीच्या वर्गात पाच जणांचा गट केला, तर सरासरीने त्यातली दोन वाचणारी. बाकीच्या तिघांच्या हातात टॉर्च. असरची पद्धत आठवा. घरी जाऊन, एका वेळी एका मुलासमोर एक कागद. अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. त्यात काही झगमग नाही, पण तिथे कोणी कोणाच्या मागे लपू शकत नाही. आपल्या गटातल्या खेळाने मात्र लपायला झकास जागा करून दिली. न वाचता येणारं मूल एरवीही लपण्यात पटाईत असतं, शेजारच्याच्या ओठांकडे बघून ते सुरात सूर मिसळतं. त्याला आता टाळ्यासुद्धा मिळाल्या.

वाचनाच्या कोड्यांचं आणखी एक दुखणं आहे. उताऱ्यातून आकडा काढायचा असला की मुलं उतारा वाचत नाहीत, आकडे वेचतात. हे एस्केप रूमने जन्माला घातलेलं नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेने १९८० मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक प्रश्न दिला होता. होडीवर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचीच काहीतरी क्रिया करून उत्तर काढलं. (हशा) हसताय, पण आपल्याकडे 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, हे आपणच शिकवतो. एस्केप रूममध्ये त्यात घाई मिसळते. कुलपाला तीन अंक हवेत, उताऱ्यात तीन अंक आहेत, मग मधले शब्द कशाला वाचायचे? म्हणजे वाचनाच्या सरावाचा खेळ मुलाला न वाचण्याचा सराव देतो.

आता पहिली गोष्ट, कुलूप बोलत नाही ती. ५०३ वजा २७८. उत्तर २२५. वर्गात एक नेहमीचं उत्तर येतं, ३७५. का? कारण मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. तीन आणि आठ, पाच. शून्य आणि सात, सात. पाच आणि दोन, तीन. हा निष्काळजीपणा नाही, त्या मुलाच्या डोक्यातला तो पक्का नियम आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा फार सुरेख अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं की मुलाची चूक बहुतेकदा सुसंगत असते. मूल चुकीचा नियम बरोबर पाळतं. आता या मुलाला कुलपापाशी उभं करा. ३७५ फिरवलं, उघडलं नाही. परत वजाबाकी केली, परत ३७५. तिसऱ्यांदा केली, ३७५. 'कुलूप खराब आहे बाई!' त्याच्या बाजूने तो खरंच बोलतोय. कुलपाने त्याला नाही म्हटलं, का नाही ते सांगितलं नाही. शेवटी शेजारचा वही ओढून घेतो, २२५ काढतो, कडी निघते. आणि या पोराच्या डोक्यातला नियम जसाच्या तसा घरी जातो.

ब्रेकआउटच्या संचात खेळानंतरच्या चर्चेसाठी प्रश्नांची पत्तीही दिलेली असतात, हे नमूद करायला हवं. काय अडलं, कोणी काय सुचवलं, असं बोलायचं. ती बनवणाऱ्यांना हा धोका ठाऊक आहे. पण तासाची घंटा ठाऊक नाही. पेटी उघडते तेव्हा दोन मिनिटं उरलेली असतात आणि ती चॉकलेट वाटण्यात जातात.

मग हा खेळ टाकून द्यायचा का? तसं असतं तर मी तुमचा आणि माझा वेळ घालवला नसता.

'झॉम्बी डिव्हिजन' नावाच्या संगणकावरच्या खेळावर हॅबगुड आणि एन्सवर्थ यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सात ते अकरा वर्षांची मुलं. सांगाड्यांशी लढाई, सांगाड्याच्या छातीवर आकडा. तुमच्या हल्ल्यालाही आकडा. ज्या आकड्याने त्याला नि:शेष भाग जाईल तो हल्ला निवडला तरच सांगाडा कोसळतो. त्यांनी याचं दुसरं रूपही केलं. लढाई तीच, पण सांगाड्यांवर आकडे नाहीत, आणि भागाकाराचे प्रश्न मधूनमधून वेगळे. वेळ दोघांना सारखा. ज्यांच्या लढाईतच भागाकार होता ती मुलं जास्त शिकली. आणि मुलांना हवा तो खेळ निवडायला मोकळीक दिली तेव्हा त्यांनी या रूपाला दुसऱ्याच्या सुमारे सातपट वेळ दिला. माझ्या मते एस्केप रूम करणाऱ्याने वाचावं असं हेच आहे. चाच्यांना हाकला, आणि वजाबाकी हीच घटना होईल असं काहीतरी करा.

मराठीत तर आपल्याला याची एक आयती खाण मिळाली आहे, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. आपली संख्यानामं. पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस नंतर. लिहिताना दोन आधी. मूल ऐकतं तसं लिहितं, ५२. एकोणसाठ ऐकलं की साठ कानात बसतो, आणि लिहायच्या आकड्यात सहा कुठेच नाही! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, विधानसभेपर्यंत. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की मुलांना जोडाक्षरं आणि हे उलटे क्रम जड जातात. चेष्टा करणारे बरेच होते, अडचण नाकारणारे फारसे नव्हते. तो वाद मी इथे परत काढत नाही. पण बघा, 'त्रेसष्ट' हा शब्द वाचून आकडा लावायचा, हे एकाच वेळी वाचनही आहे आणि गणितही. जोडाक्षर फोडता आलं पाहिजे, दशक-एकक कळलं पाहिजे. इथे शब्द हीच किल्ली आहे. वर टोपी घालायची गरजच नाही.

आणि इथेच चुकीचं उत्तर वाया जात नाही. एक पेटी ६३ ने उघडेल अशी ठेवा. शेजारी दुसरी, ३६ ने उघडणारी. ज्याने उलटं लावलं त्याचीही पेटी उघडते. आत बक्षीस नाही, हसणारी चिठ्ठी नाही. आत तीन दशकांचे गठ्ठे आणि सहा सुट्या काड्या, आणि एक शब्द, 'छत्तीस'. मोजा आणि परत जा. मूल मोजतं, तोंडाने म्हणतं, आणि त्याचं त्याला दिसतं की आपण शेजारच्या घरात शिरलो होतो.

वाचनासाठीही असं करता येतं. समजा चिठ्ठीत एवढंच आहे. मावशीने डब्यात बारा लाडू ठेवले, दुपारी त्यातले तीन कमी झाले, पण त्यातला एक आजोबांनी नुसताच खिशात ठेवला होता, तो त्यांनी संध्याकाळी गुपचूप डब्यात परत टाकला. डब्यात किती? उत्तर दहा. आठ आणणाऱ्या मुलाने बारा, तीन, एक वेचले आणि सगळे वजा केले, 'परत' हा शब्द त्याने वाचलाच नाही. नऊ आणणारं मधेच थांबलं. तिन्ही उत्तरांना तीन वेगळे दरवाजे ठेवले तर मूल कसं वाचतंय ते बाईंना न विचारता कळतं. आकडे मुद्दाम अक्षरात लिहायचे, म्हणजे वेचणं कठीण जातं. आणि आजोबांनी तो लाडू खिशात का ठेवला, यावर वर्गात जी चर्चा होते ती निराळीच. (हशा)

राहिली ती टॉर्चवाली मुलगी. तिच्यासाठी उत्तर जुनं आहे. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत, वंशभेद नुकता मोडला होता आणि वर्गात मुलं एकमेकांवर धावून जात होती तेव्हा, धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. बाकीच्यांना तो तुकडा त्या मुलाकडूनच मिळणार. कुलपाचंही तसंच करा. तीन आकडी कुलूप, तीन मुलं, प्रत्येकाच्या चिठ्ठीत एक अंक, आणि चिठ्ठी प्रत्येकाच्या आवाक्यातली. जो अक्षरांवर अडलाय त्याला दोन शब्दांची, जी गोष्ट वाचते तिला गोष्टीची. चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा एकच नियम. मग गटाला घाई असली तरी त्याला त्या मुलीच्या वाचण्याची वाट बघावी लागते. ती अडली तर बाकीचे तिला मदत करतात, कारण त्यांची सुटका तिच्याकडे आहे. गट तीनचाच ठेवा, पाचचा नको. पाचात एक टॉर्च निघतोच.

एवढंच मला मांडायचं होतं. काही प्रश्न असतील तर घेऊ. हो, बोला ताई.

(श्रोत्यांतून : घड्याळ लावायचं की नाही? मुलांना त्यानेच मजा येते.)

येते, खरंय. पण कोणाला येते ते बघा. ज्याला उत्तर येतं त्याला. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर दाखवलं होतं की गणिताची धास्ती बसली की डोक्यात आकडे धरून ठेवायची जागाच कमी पडते. हातचा लक्षात ठेवायचा आणि धास्तीही सांभाळायची, दोन्ही एकदम होत नाही. मी म्हणेन, नवीन शिकलेल्या गोष्टीवर घड्याळ नको. पाढे पाठ झालेत, तिथे लावा खुशाल. आणि लावलंच तर गटागटांत शर्यत नको, सगळ्या वर्गाची मिळून एक पेटी ठेवा.

(श्रोत्यांतून : मॅडम, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्ग मिळून एक शिक्षक आहे. कुलपं, पेट्या कुठून आणायच्या?)

सर, आणूच नका. मी तर म्हणते कुलपापेक्षा तुमची गरिबी बरी. वर्गात एक दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पाकिटं टांगा. पाकिटावर बाहेर आकडा. मुलाने आपलं उत्तर काढायचं आणि त्या आकड्याच्या पाकिटातली चिठ्ठी घ्यायची. लोखंडी कुलपाला एकच बरोबर आकडा परवडतो, दोरीवर तुम्हाला हवे तेवढे परवडतात. ५०३ वजा २७८ साठी चार पाकिटं लावा. २२५ मध्ये पुढचं कोडं. ३७५ मध्ये लिहा, 'तीन रुपयांतून आठ रुपये दिलेस की आठातून तीन?' ३२५ येतं ते मूल शून्याचे नऊ करतं पण शतकातून काही घेत नाही, त्याच्या चिठ्ठीत शंभराच्या पाच नोटा काढा आणि विचारा, 'एक मोडलीस, आता किती उरल्या?' २३५ येतं त्याने शंभर मोडून दहा दशक आणले, पण त्यातलं एक एककाला दिलं ते विसरलं. त्याला काड्या द्या. ज्याचं पाकीटच दोरीवर नाही त्याने तुमच्याकडे यायचं, आणि तेवढा वेळ तुम्हाला मिळतो, कारण बाकीची मुलं दोरीपाशी आहेत. चिठ्ठी घेताना पाकिटाला लावलेल्या कोऱ्या कागदावर नाव लिहायचं. शाळा सुटली की दोरी काढताना नावं वाचा. ३७५च्या कागदावर नऊ नावं असली तर उद्या सकाळी पहिल्या तासाला कोणाला घेऊन बसायचं, ते तुमच्या हातात आहे.